माकों ते शालों: उखडलेल्या रेल्वेलाइनीवरून सायकल

बडोद्याहून युरोपात मुलांकडे येणाऱ्यांची यादी ठरलेली असते: पॅरिस, स्वित्झर्लंड, जमलं तर रोम. त्यातले तीन दिवस सायकलीसाठी ठेवा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “पण रस्त्यावर गाड्या किती?” फ्रान्समध्ये बर्गंडीच्या दक्षिण टोकाला, माकों आणि शालों या दोन शहरांच्या मधे, या प्रश्नाला “एकही नाही” असं उत्तर देता येतं. सुमारे ७० किलोमीटरची डांबरी वाट आहे. मोटार आणि मोटरसायकल दोन्हींना बंदी. चालणारे, सायकलवाले, स्केट्सवरची पोरं, एवढीच वर्दळ. अशा वाटेला इथे ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. सायकल आणि पायी चालणारी माणसं काढलेली निळी चौकोनी पाटी दिसली की तुम्ही तिच्यावर आहात असं समजा.

ही वाट मुळात रेल्वेची. रूळ उचलले, भराव तसाच ठेवला, वर डांबर घातलं. जिव्री ते क्लूनी हा ४४ किलोमीटरचा पट्टा १९९७ साली खुला झाला आणि फ्रान्समधली या प्रकारची पहिली वाट म्हणून तो ओळखला जातो. डभोईची छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली गंमत लगेच कळेल. गायकवाडांच्या संस्थानात १८६२ मध्ये डभोई-मियागाम ही अडीच फुटी लाइन पडली, तेव्हा डबे बैल ओढायचे. आपल्याकडे छोटी लाइन बंद पडली की एक तर ती ब्रॉडगेज होते, नाहीतर रूळ गवतात दिसेनासे होतात. रूळ काढून तीच जमीन सायकलला द्यावी, हे आपल्याला अजून सुचायचं आहे.

लाइन रेल्वेची असल्यामुळे दोन गोष्टी होतात, आणि दोन्हींची तयारी घरूनच करून यावी लागते.

पहिली गोष्ट चढाची. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरतं, म्हणून रेल्वेचे इंजिनियर चढ टाळतात: टेकडी कापतात, खोलगट जागी भराव घालतात, अगदीच नाइलाज झाला तर बोगदा खणतात. अशा वाटेवर १०० मीटरला एखाद-दोन मीटरपेक्षा जास्त चढ क्वचितच येतो. ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण खरा उतारही मिळत नाही. पायडल थांबवून सायकल नुसती सोडून द्यावी असं फारसं कुठे येत नाही, त्यामुळे माणूस तासन्‌तास सीटवर एकाच ठिकाणी बसून राहतो. मग बूड दुखतं, तळहाताला मुंग्या येतात आणि लोक सीटला दोष देतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पायडल मारा, हाताची पकड बदला. सीट दोन्ही बाजूंनी पातळीत ठेवा. टोक खाली झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. सीटवर जेलचं जाड कव्हर चढवायचा मोह टाळा. मऊ कव्हरमध्ये बसकणीची हाडं रुततात आणि दाब नेमका नको तिथे पडतो. त्यापेक्षा पॅड शिवलेली सायकलची चड्डी घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका.

दुसरी गोष्ट गावांची, आणि बहुतेक पाहुणे फसतात ते इथेच. रेल्वे गेली दरीतून, जुनी गावं बसलेली टेकडीवर. वाटेवरून गावांचे मनोरे दिसतात, पण तिथे पोचायला वाट सोडून गावरस्त्याने वर चढावं लागतं. वाटेवरच्या कोर्मातां गावाहून पूर्वेला वळलं की आधी शापेझ लागतं. तिथल्या अकराव्या शतकातल्या चर्चचा मनोरा दुरूनच ओळखू येतो. पुढे ब्रांसियों: किल्ला, बाराव्या शतकातलं चर्च, आत चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं, आणि शेवटचा टप्पा चांगलाच उभा. पावागडचंच गणित आहे हे. चांपानेरपर्यंत सगळं सपाट, देवी मात्र वर. तेव्हा सायकलची निवड त्या ७० सपाट किलोमीटरवरून करू नका, वरच्या दोन-तीन किलोमीटरवरून करा.

म्हणजे गिअर बघा. पुढची सगळ्यात लहान चकती २६ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी ३४ ची आणि चाक ७०० मापाचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.६६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी ६ किलोमीटर. सामान लादून उभा चढ चढताना एवढाच वेग झेपतो. भाड्याच्या सायकलला पुढे एकच ४२ ची चकती आणि मागे जेमतेम २८ असेल, तर त्याच फेऱ्यांना ताशी ११-१२ चा वेग राखावा लागतो. तो राखता येत नाही, मग माणूस उतरून ढकलतो. दुकानात उभ्या उभ्या दाते मोजून घ्या. दुकानदार हसला तर हसू दे. बॅटरीवाली सायकल घेतली तर हा हिशेब सुटतो, आणि साठीपुढच्यांना आम्ही तीच घ्या म्हणतो. पण तिचं वजन २५ किलोच्या आसपास असतं. जिना आला किंवा ट्रेनच्या डब्यात चढवायची वेळ आली की दोन माणसं लागतात.

बडोद्यात सराव करायचा तर आजव्याच्या बाजूला पहाटे जा आणि तासभर न थांबता, पायडल न सोडता चालवा. वेगाकडे लक्ष नको. चढासाठी शहरात काहीच नाही. पायथ्यापासून माचीपर्यंतचा पावागडचा रस्ता तेवढा उपयोगाचा, तोही नवरात्र आणि चैत्राची गर्दी सोडून, उजाडता उजाडता. आणि कॅरियरला पाच-सहा किलो बांधूनच चढा. मोकळ्या सायकलवरचा सराव इथे कामाला येत नाही.

ब्रेकचं मात्र नीट वाचा. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला असतो. घाबरून डावा हात दाबला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि माणूस हँडलवरून पुढे, हा अपघात उतारावर सहज होतो. सायकल ताब्यात घेतली की पहिली दहा मिनिटं मोकळ्या जागेत नुसतं थांबायचा सराव करा. चालायचंही उजवीकडून, गाड्या नसलेल्या वाटेवरसुद्धा. समोरून कोणी आलं की आपला हात आपोआप डावीकडे वळतो, नेमका समोरच्याच्या अंगावर. आरसा लावणार असाल तर तो डाव्या बाजूला. गावात शिरल्यावर काही पाटी नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, मग ती गल्ली कितीही चिंचोळी असो. कानात इयरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांना नाही, पण घाला. अंधारात किंवा धुक्यात वस्तीबाहेर चमकतं जाकीट हवंच.

वाट जिथे जिथे मोटारींचा रस्ता ओलांडते तिथे दोन्ही बाजूंना खांब किंवा नागमोडी अडसर बसवलेले आहेत. जुन्या फाटकवाल्यांची छोटी घरं दिसली की ओलांडणी आली समजा. अडसरांमधली फट सायकलपुरतीच असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या अडकतात आणि तोल जातो. वेग कमी करा, उतरा, ढकला. मागून येणारा तुमच्यावर आदळू नये म्हणून थांबताना हात दाखवा.

माकोंकडून निघालात तर बोगद्यापर्यंत वाट हळूहळू चढते, पुढे क्लूनीकडे उतरते. बोगदा ‘ब्वा क्लेर’ नावाच्या जंगलाखालून जातो, लांबी १६०० मीटर. आत दिवे आहेत, पण उन्हातून एकदम शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. स्वतःचा पुढचा-मागचा दिवा लावूनच शिरा. बाहेर ३५ अंश असले तरी आत बारा-तेरा. घामेजलेल्या अंगाने गेलात तर दात वाजतात, तेव्हा एक पातळ जाकीट पिशवीत अगदी वर ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बोगदा बंद करतात. तेव्हा टेकडीवरून वळसा घालावा लागतो आणि तो वळसा सोपा नाही. बोगद्याच्या अलीकडे बेर्झे-ला-व्हील गावात क्लूनीच्या मठवाल्यांचं छोटं प्रार्थनाघर आहे, आत बाराव्या शतकातली भित्तिचित्रं. अर्थात तेही चढावर.

क्लूनीला मुक्काम करा. ९१० साली स्थापन झालेला हा मठ. त्याच्या १०८८ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या चर्चची लांबी सुमारे १८७ मीटर होती, आणि रोममधलं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि दगडांची खाण म्हणून वापरलं गेलं. आज दहावा हिस्साही उभा नाही. आधी उरलेला मनोरा बघा, मग गावातून फिरताना घरांच्या भिंतींत शिरलेले त्याचे दगड ओळखायचा प्रयत्न करा. उत्तरेला तेझे गावातली प्रार्थना करणारी ख्रिस्ती मंडळी आणि कोर्मातांचा सतराव्या शतकातला वाडा, मग सें-जांगू, मग द्राक्षमळ्यांचं ब्युसी, मग जिव्री, जिथे १८३० चा गोल बाजारमंडप आहे. जिव्रीहून शालों साधारण १० किलोमीटर. ब्युसीपासून पुढे झाडी कमी होते. उन्हाळ्यात हा तुकडा सकाळीच उरका.

झाडीतल्या पट्ट्यांचा त्रास वेगळा. कडेच्या कुंपणात काटेरी झुडपं असतात. शरदाच्या शेवटी यंत्राने कुंपण छाटलं की काटे थेट डांबरावर पसरतात, आणि पंक्चर मग एक होत नाही, ओळीने होतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. चिमटा, दोन ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पंप जवळ ठेवा. भाड्याच्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असण्याची शक्यता जास्त; टोकाचा छोटा नट आधी सैल करावा लागतो, मगच हवा जाते. आपला पंप त्याला बसत नसेल तर पितळी अडॅप्टर न्या. ३८ मिलिमीटरचं टायर, ७० किलोचा माणूस आणि १२ किलो सामान असेल तर मागे ५०, पुढे ४५ पीएसआय पुरे. दगडासारखी घट्ट हवा भरली तर झाडांच्या मुळांनी उचललेलं डांबर थेट कमरेला कळतं. ओल्या पानांवर आणि लाकडी पुलांवर ब्रेक दाबू नका. आधीच हळू व्हा आणि सायकल सरळ ठेवा. संध्याकाळी गुडघ्यांमागे आणि जांघेत गोचीड चिकटली आहे का ते बघा. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक कपडे घाला आणि वाट सोडून रानात शिरू नका.

सामान बारा किलोच्या वर जाऊ देऊ नका. जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ. कॅरियरचे बोल्ट थरथरीने सैल होतात. रोज संध्याकाळी ॲलन कीने एकदा पिळा आणि पाच मिलिमीटरचे दोन जास्तीचे बोल्ट खिशात ठेवा.

खाण्याबद्दल. चिवडा, भाकरवडी, मेथीचे थेपले आणायला हरकत नाही, पण पेढे, तूप, मांस युरोपियन युनियनच्या बाहेरून आणता येत नाही. गावातली दुकानं दुपारी १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारीही. ब्रेड आणि फळं सकाळीच घेऊन ठेवा. फ्रेंच पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतो. कडक शाकाहारी असाल तर लेबल वाचा. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा. तिथे नळ असतो आणि सायकलवाले सर्रास तिथेच बाटल्या भरतात. मात्र ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

दिशा आदल्या संध्याकाळी ठरवा. इथल्या सोन नदीच्या खोऱ्यात उत्तरेचा वारा वाहतो, तो असेल तेव्हा शालोंहून माकोंकडे या. दोन्ही शहरांत स्टेशन आहे आणि लोकल गाडीत सायकल फुकट नेता येते, फक्त जागा मोजक्या; शुक्रवार संध्याकाळची गाडी टाळा. दिवस उरले तर शालोंहून तुर्न्युमार्गे सोन नदीच्या काठाने माकोंला परतता येतं, आणखी साधारण ६५ किलोमीटर. पण पाऊसकाळात नदीकाठचा काही भाग पाण्याखाली जातो, म्हणून निघण्याआधी स्थानिक पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.