नवो किडो गावलो काय?

बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर तेराव्याचं जेवताना लोकांनी मला हे विचारलंय. 'मास्तरांनू, इतकी वर्सां किडे जमवतास, एखादो नवो गावलो की नाय?' मुंबईहून आलेले पाहुणे तेच जरा आडवळणाने विचारतात: तुमच्या नावाची एखादी जात आहे का हो? मनातलं गणित दोघांचंही सारखं. माणूस किडे धरतो, त्यातला एखादा आजवर कुणी न पाहिलेला निघणार, पेपरात फोटो येणार, किड्याला आडनाव लागणार.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही सापडला. सापडला होता, पण मला दिसला नाही. हे दोन्ही कसं खरं ते सांगायला पंगतीत वेळ पुरत नाही.

आधी एक जुनी फजिती. नोकरीला लागलो त्या वर्षीच्या डिसेंबरात देवगडच्या घरी पडवीतल्या दिव्यावर एक फुलपाखरू आलं. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधली शीरसुद्धा दिसावी. माझ्या पेटीत पावसाळ्यात धरलेलं तसंच एक होतं, पण त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग होती. याला ठिपके जवळजवळ नाहीत, रंग वेगळा, पंखाचं टोकही जास्त कोरलेलं. मी दोन रात्री जागून चित्रं काढली आणि मुंबईच्या एका जाणकारांना धाडली. उत्तराला पोस्टकार्ड आलं, त्यावर दोन ओळी: 'दोन्ही एकच. पुढच्या वर्षी अळ्या पाळून पाहा.' पाळल्या. भाताची पानं खाणाऱ्या त्याच अळ्या. पावसात वाढल्या त्यांची डोळेवाली फुलपाखरं झाली, कोरड्या दिवसांत वाढल्या त्यांची वाळक्या पानांची. या मेलॅनिटिस लेडाला स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली नाव देऊन ठेवलेलं. स्वीडनबाहेरच्या या प्राण्याचा नमुना त्याच्यापर्यंत कुठल्या तरी गलबतातून पोचला असणार, आणि मी तो सव्वादोनशे वर्षांनी पडवीत पुन्हा 'शोधला'.

तेव्हा कळलं की वेगळं दिसणं आणि वेगळं असणं यांत फार मोठी दरी आहे. किड्यांत नर-मादी वेगळे दिसतात, पावसाळी आणि उन्हाळी पिढी वेगळी दिसते, पोटभर खाल्लेलं आणि उपाशी वाढलेलं वेगळं दिसतं. उलट दोन खरोखरच्या वेगळ्या जाती शेजारी बसल्या तरी जुळ्या वाटतात. म्हणून आम्ही लोक पंखांवरची नक्षी बाजूला ठेवून नराच्या पोटाचं टोक कापतो, ते क्षारात शिजवून मऊ करतो आणि आतले चिमटे-आकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसतो. घरी हे सांगायची सोय नाही. आमच्या हिने एकदा दुधाच्या भांड्याशेजारी बशीत ते शिजताना पाहिलं, तेव्हापासून माझं टेबल मांगरात आहे.

आता नाव देण्याची रीत. ती कोकणातल्या माणसाला पटकन समजेल, कारण ती सातबाऱ्यासारखी आहे. नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन छापावं लागतं, जवळच्या जातींहून ती कशात वेगळी ते लिहावं लागतं, आणि एक नमुना नेमून द्यावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. तो म्हणजे गडग्याच्या कोपऱ्यातला हद्दीचा दगड. पुढे शंभर वर्षं कितीही वाद झाले तरी ते नाव त्या एका टाचणीवरच्या किड्याला बांधलेलं. वर्णन चुकीचं निघालं तरी चालेल, दगड हलता कामा नये. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने हे नमुने सरकारमान्य संग्रहात जमा करणं सक्तीचं केलंय. त्याआधीचे आपले कितीतरी दगड लंडनला आणि कोपनहेगनला पडलेत. आपल्या झाडांवरचे हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, घ्या. त्यांना नाव दिलं फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने, १७७५ साली, आणि दिलं तेही पाचूवरून: स्मारॅग्डिना. चावून चावून जीव नकोसा करणारे ते तांबडे कामकरी पाहून पाचू कुणाला आठवेल? पण त्यांची राणी हिरवी असते.

फॅब्रिशियसने हुमल्यांना साध्या मुंगीच्या वंशात घातलं होतं. पुढे त्यांचा वंश वेगळा निघाला, इकोफिला. तेव्हापासून जातीच्या नावापुढे फॅब्रिशियसचं नाव कंसात लिहितात. सातबाऱ्यावर नावाला कंस झाला की माणसाचा हक्क गेला. आमच्यात उलटं आहे. कंसात गेलेल्याचा हक्क पक्का, फक्त जमीन दुसऱ्या गटात गेली एवढंच तो कंस सांगतो.

(आणि हो, जातीला स्वतःचंच नाव द्यायला नियमात कुठे बंदी नाही. पण स्वतःच्या एकसष्टीचा हार स्वतःच विकत आणून घालण्यापैकी ते आहे.)

आता न दिसलेल्या जातीकडे येतो.

२००६ च्या पावसाळ्यानंतर मी सड्यावरच्या एका चिरेखाणीत जायचो. खाण बंद पडलेली, खड्ड्यात पाणी, आणि जांभ्याच्या उभ्या कापलेल्या भिंतींवर राखी-काळ्या ठिपक्यांचे चतुर चिकटून बसलेले. अंगाचा रंग दगडाचाच. हललं तर दिसणार. पोरं त्यांना धरायला जातात आणि हातात शेवाळ घेऊन परत येतात. तसे चतुर गावातल्या विहिरींच्या कठड्यांवर, टाक्यांवर, कंपाउंडच्या भिंतींवरही बसतात. ती ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, रॅम्बुरने १८४२ साली वर्णन केलेली. मी सात चतुर धरले, घरी आणले, आणि फ्रेझरचा तिसरा खंड उघडला. फ्रेझर हा लष्करी डॉक्टर. भारतातल्या चतुरांवर त्याने १९३३ ते १९३६ मध्ये तीन खंड लिहिले, आणि आम्ही सगळे अजून त्यांच्यावरच जगतो. त्यातल्या ओळखसूचीत प्रश्नामागून प्रश्न विचारत खाली जायचं: शिरा अशा का तशा, हा ठिपका आहे का नाही. ब्रॅडिनोपायगापाशी पोचलो, आणि त्या वंशात भारतातली जात एकच. म्हणजे प्रश्न संपले. मी सातही चतुरांना चिठ्ठी लावली: जेमिनाटा. खाली माझं नाव, २००६.

यात आळस किती आणि रीत किती हे मला अजून ठरवता येत नाही. ओळखसूची म्हणजे गावच्या रस्त्यांवरची पाटी. पाटीवर नसलेल्या गावाला ती तुम्हाला कधीच पोचवणार नाही. खाणीतले चतुर विहिरीवरच्यांपेक्षा जरा वेगळे वाटले होते, हे माझ्या वहीत आहे. पुढे मीच लिहिलंय: 'खाणीत पाणी कमी, म्हणून असेल.' मेलॅनिटिसने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पीत होता.

२०२० साली महाराष्ट्राच्या किनारपट्टीतून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस ही नवी जात प्रसिद्ध झाली. सिंधुदुर्गातली. माणसं आपल्याच भागातली, जांभा आपल्याच पायाखालचा. लॉकडाउन लागला होता, मला दुसरा उद्योग नव्हता. मांगरातली पेटी काढली, लेखातल्या आकृत्या शेजारी मांडल्या आणि एकेक चतुर फिरवून पाहू लागलो. एकाचं डोकं बुरशीने खाल्लेलं (आपल्या पावसात पेटीत चाळीसचा बल्ब आणि डांबरगोळ्या ठेवूनही बुरशी यायची ती येतेच), एकाला मुंग्या लागलेल्या. उरलेल्या पाचांत दोन नर जेमिनाटा नव्हते.

चौदा वर्षं. नंतर एका शोधनिबंधात वाचलं की नमुना गोळा केल्यापासून त्याचं नवी जात म्हणून वर्णन होईपर्यंत जगात सरासरी २१ वर्षं जातात. म्हणजे मी सरासरीपेक्षा लवकर सुटलो. ज्यांनी वर्णन केलं त्यांच्याबद्दल मला खरंच असूया वाटली नाही. ते पुन्हा पुन्हा त्या कातळावर गेले आणि मी पुन्हा पुन्हा वहीवर भरवसा ठेवला. पण त्या रात्री मी जेवलो नाही, हे घरच्यांना आठवतं.

ही झाली एकाचे दोन होण्याची गोष्ट. शेजारचे दाजी बागायतदार आहेत. त्यांचा राग उलट्या गोष्टीवर आहे. 'माशी तीच, आंबो कुसता तोच, मगे तुमी नाव कित्याक बदलतास?'

फळमाशीबद्दल त्यांचं बोलणं अगदी गैर नाही. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही माशी १९१२ साली तैवानच्या नमुन्यांवरून वर्णन झाली. १९९४ मध्ये तिच्यातून आग्नेय आशियातली पपाये आणि फिलिपिन्सची फिलिपिनेन्सिस वेगळ्या काढल्या. २००३ मध्ये केनियात तशीच एक माशी घुसली आणि आफ्रिकाभर पसरली. तिला २००५ मध्ये इन्व्हाडेन्स नाव मिळालं. मग कित्येक देशांच्या लोकांनी या माश्यांची लग्नं लावून पाहिली, पिल्लं जन्मतात का ते पाहिलं, नरांचा वास तपासला, पंख मोजले, डीएनए वाचला. फरक टिकेनात. २०१५ पर्यंत तिन्ही नावं पुन्हा डॉर्सालिसमध्ये विरघळली. त्याच वेळी वेगळी काढलेली करांबोले मात्र वेगळीच राहिली, कारण तिचे फरक टिकले.

दाजींना मी विचारलं, युरोपने आंबा बंद केला ते आठवतं? १ मे २०१४. ऐन हंगामात. आंब्याबरोबर अळू, कारलं, पडवळ, वांगीही अडकली, कारण आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड मिळाली होती. बंदरावरचा अधिकारी आंबा चाखून बघत नाही, यादीतलं नाव बघतो. एकाच माशीची चार नावं असली की चार याद्या, चार देशांचे चार वेगळे आक्षेप, आणि 'आमच्याकडे ती नाही, तुमची आत येऊ देणार नाही' असं म्हणायची सोय. नपुंसक केलेले नर सोडून माशी आटोक्यात आणायची पद्धत आहे. सोडलेले नर आणि बागेतल्या माद्या एकाच जातीच्या नसतील तर ते सगळे पैसे हवेत. नाव बदलणं हा दाजींच्याच पेटीच्या भावाचा प्रश्न आहे.

दाजींच्या कलमांना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे टांगलेले असतात. आत मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनाचा तुकडा. हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली भारतात काम करताना सिट्रोनेलाच्या तेलावर फळमाश्यांचे नर झेपावतात हे नोंदवलं आणि तीनेक वर्षांत वास कशाचा तेही हुडकलं. तो वास तुळशीतही असतो. वृंदावनापाशी सकाळी नीट पाहिलंत तर पानावर एखादा नर पुण्य मिळवत बसलेला दिसेल. दाजी दर आठवड्याला सापळ्यातल्या माश्या दह्याच्या डब्यात भरून मला आणून देतात. त्यात डॉर्सालिस असते, झोनाटा असते, करेक्टा असते. तिन्ही एकाच वासाला येतात. दाजींना त्या सगळ्या 'माशी'. तीन आहेत हे दाखवल्यावर ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, 'ह्येंका काय तरी वेगळा म्हणूक होया.' नाव बदलण्यावर चिडणारा माणूस तीन नावं मागत होता.

माडावरच्या सोंड्या भुंग्याचं तर दोनदा झालं. त्याचाच भाऊबंद व्हल्नेरॅटस २००४ मध्ये त्याच्यात मिसळून टाकला आणि २०१३ मध्ये पुन्हा वेगळा काढला. कॅलिफोर्नियात २०१० साली सापडलेला भुंगा तोवर सगळे आपलाच समजत होते, निघाला तो भाऊबंद. गावातल्या वाटण्यासुद्धा एवढ्या लवकर फिरत नाहीत.

त्या दोन चतुरांचं मी काय केलं, हे दाजींनी परवा विचारलं. टाचणी दाखवली. वर चतुर, त्याखाली जागा-तारखेची चिठ्ठी, त्याखाली माझी २००६ ची 'जेमिनाटा', आणि सगळ्यात खाली नवी: कोंकणेन्सिस, २०२०. दाजी म्हणाले, 'चुकीचो कागद काढून टाकूक नाय?' म्हटलं, आमच्यात जुनी चिठ्ठी काढत नाहीत. कुणी, कधी, काय समजून काय लिहिलं ते राहायला हवं. तुम्ही जुना फेरफार फाडता का?

दाजींनी चष्मा वर करून माझं नाव पुन्हा एकदा वाचलं.

'फाडूचो नाय,' ते म्हणाले. 'पण कंस तरी करा.'