आमची वाटचाल : अडकलेला स्क्रू

नाशिकच्या सातपूरमधल्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती वाहनांच्या सुट्या भागांच्या जॉबवर्कने. हाडांच्या स्क्रूंकडे वळवलं ते गोळे कॉलनीतल्या काकांनी. सर्जिकल मालाचे जुने व्यापारी. "स्टीलचे सगळेच करतात, तू टायटॅनियम कर," म्हणाले आणि पहिली ऑर्डर ॲडव्हान्ससकट दिली.

ग्रेड २३ चा बार, म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूची सळई : ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. अंगाला सोसतो, गंजत नाही, स्टीलच्या जवळपास निम्माच ताठ, म्हणून हाडाला बरा. एवढ्यावर मी भुललो. हा धातू घासला की चिकटतो, हे मला पुरतं कळलं ते लॉट परत आल्यावर.

नोटबंदीच्या थोडं आधीची गोष्ट. आमची लॉकिंग प्लेट (मोडलेलं हाड धरणारी पट्टी, हिच्या भोकांनाही आटे असतात आणि स्क्रू त्यांत घट्ट बसतो) काढायला डॉक्टर बसले आणि दोन स्क्रू फिरेनात. डोक्यातली षटकोनी खाच गोल झाली, तरी स्क्रू जागचा हलेना. मोठ्या ग्राहकाने सगळा माल परत पाठवला, पैसे अडवले. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये पृष्ठभागाच्या प्रक्रियेचा एक शब्द नव्हता, पण दोषी आम्ही! तीन गाळे सोडून एक स्पर्धक होता. "लेथवाल्यांनी इम्प्लांटच्या भानगडीत पडू नये," असं तो चहाच्या टपरीवर सांगत सुटला. मला एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी लेथ, विकावी लागली. ती कोणी घेतली, हे लिहीत नाही. टपरीवाल्याला माहीत आहे.

त्या दिवसांत काका स्कूटरवरून आले. रुमालात बांधलेली एक अडकलेली प्लेट टेबलावर ठेवली. "रडून झालं असेल तर हे कापून बघ." आडवी कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. स्क्रूचे आटे आणि प्लेटचे आटे यांमधली रेघच गायब! टायटॅनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो काही नॅनोमीटरचा. दाबून घासला की फाटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला धरतो. आम्ही विजेने ऑक्साइड चढवून, ३० व्होल्टच्या आसपास करून घेतलेला सुंदर निळा रंगही तसाच पातळ, ओळखीपुरता. खुब्याच्या सांध्यात दांडा टायटॅनियमचा, पण गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा ठेवतात तो याच खोडीमुळे. मग आम्ही अल्कलीच्या टाकीतलं राखाडी ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइड चढवण्याचीच, पण आटे चिकटू न देणारी पद्धत) धरलं, आट्यांच्या कडांना राहिलेली धातूची बारीक कुसळं काढणं हातावर आणलं आणि किती टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, घट्ट केला, किती टॉर्कला सुटला, हे लॉटगणिक वहीत लिहायला लागलो.

नवीन पोरांना सांगतो : इन्सर्ट (लेथवरचं कापणारं पातं) झिजलेला दिसायची वाट बघू नका, आधीच बदला. स्टीलवर वापरलेला ब्रश टायटॅनियमला लावू नका. आणि बारीक चुऱ्याने पेट घेतला तर पाणी नाही, कोरडी वाळू.

पुढची वर्षं माल जात राहिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. काका गेले. गेल्या दिवाळीनंतर त्या स्पर्धकाच्या गाळ्यातला मुलगा विचारायला आला, राखाडी फिनिश कुठे करून घेता म्हणून. मी चहा मागवला, ड्रॉवरमधून ती कापलेली प्लेट काढून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी हिच्यातला स्क्रू काढून दाखव.