सुप्याची घोडी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामाच्या बाइकवर मागे बसून पुण्याहून सुप्याला निघाले. हडपसर, दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव आणि मग सुपे, असं सुमारे ७५ किलोमीटर. सॅकमध्ये दोन ड्रेस, आईने बांधून दिलेला फराळ आणि माझी वही. वहीत दोन वर्षांपासून एकच हिशोब चालू आहे: स्वतःचा घोडा घ्यायला काय काय लागेल.

दर रविवारी सकाळी सहाला मी घोडेस्वारी शिकायला जाते. तिथला माझा घोडा हा रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा. माझा म्हणते, पण तास संपला की लगाम दुसऱ्याच्या हातात जातो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल करायचा, मानेवरून हात फिरवायचा आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडायचं. हे न बघणं मला अजून जमलेलं नाही.

दिवेघाट चढताना नेहमीची आठवण आली. सहा वर्षांची होते, हडपसरला बाबांच्या खांद्यावर बसून पालखी बघत होते. माउलींच्या रथापुढे दोन घोडे चालत होते. एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याची पाठ रिकामी. "त्याच्यावर कोण बसलंय?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "माउली." तेव्हापासून घोडा हा शब्द ऐकला की मला ती रिकामी पाठच दिसते.

जेजुरीत गड खालूनच हात जोडून पाहिला, गर्दी फार होती. मोरगावला चहा घेतला आणि अकराच्या सुमाराला मामाच्या शेतावर पोचलो.

बाजरी निघाली होती आणि रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट त्यांचा तळ, उतरला होता. मेंढ्या रात्रभर शेतात बसवायच्या, लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं आणि त्याबद्दल धनगरांना धान्य द्यायचं, हा इथला जुना व्यवहार. चार दिवसांनी ते पुढच्या रानात जातात, मग घाट उतरून कोकणात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत. मामाने हे सगळं सांगितलं खरं, पण माझं लक्ष बांधावर बांधलेल्या कुमैत, म्हणजे तांबूस अंगाच्या घोडीकडे होतं. शेजारी तिचं शिंगरू.

वहीतला माझा घोडा मारवाडी जातीचा आहे, उंच, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, कानांची टोकं एकमेकांकडे वळलेली. ही घोडी जेमतेम माझ्या खांद्याला लागत होती. पोट सुटलेलं, आयाळीत गोखरू अडकलेले. मी जवळ गेले, खांद्यावरून हात खाली नेत पुढचा पाय उचलला. तिने तो मुकाट्याने दिला. नाल नव्हता. खूर दगडासारखा टणक, कुठे भेग नाही. आमच्या थरोब्रेडला दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद लागतो, एवढ्यावरच वहीतली अर्धी रक्कम उडते.

ही भीमथडी. भीमेच्या थडीवरची, म्हणजे काठावरची, म्हणून हे नाव. मराठी फौजा १७५८ साली अटकेपर्यंत गेल्या, त्यांत अशीच दख्खनी तट्टं होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा मी ती बातमी कापून वहीत चिकटवली होती. पण कागदावर ती मला खरी वाटली नव्हती.

वाड्यातली आजी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला विचारलं, "आजी, हिच्यावर बसता का तुम्ही?"

"बसायला जागा कुठं असतीया? भांडी, कपडे, कोंबड्या, कवळी कोकरं, सगळं तिच्यावरच."

"विकणार का कधी?"

आजीने भाकरी उलटली. "तिला इकली तर बिऱ्हाड काय तुझ्या मामाच्या फटफटीवर टाकू?"

मग तिनेच दावं सोडून माझ्या हातात दिलं. "जा, पाणी दावून आण."

विहीर दोन शेतं पलीकडे. घोडी माझ्या खांद्याशी चालत होती, शिंगरू मागे-पुढे धावत होतं. खोगीर नाही, रिकीब नाही, चालीवर कुणाची शिट्टी नाही. हौदाशी तिने इतकं सावकाश पाणी प्यायलं की प्रत्येक घोट गळ्यातून खाली जाताना दिसला. मी वर बसले नाही. बसू दिलं असतं तिने, पण मला तिच्या बरोबरीने चालायचं होतं.

संध्याकाळी वही काढून मामाला सगळं वाचून दाखवलं. कडबा, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक, नालबंद. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात कळ आली की जिवावर बेततं आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर लागतो. दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं, म्हणून पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांचा विचारही करता येत नाही. मामा मध्ये एकदाही बोलला नाही. बैल विकल्यापासून त्याचा गोठा रिकामाच आहे. तो उठला, दिवा लावला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत गेला.

"मारवाडीला किती लागेल?"

"बारा बाय बारा फूट."

"आणि त्या तसल्या घोडीला?"

"दहा बाय दहा पुरेल."

"गव्हाण मात्र बैलांची आहे. खाली आहे फार."

"खालीच हवी, मामा. घोडा मान खाली घालून खातो."

त्याने गव्हाणीतला कचरा हाताने बाजूला सारला. मी वहीतलं 'मारवाडी' खोडलं.