वाकाचिनाचं तळं आणि अण्णांचे प्रश्न

पेरू देशातलं वाकाचिना फोटोत जेवढं दिसतं तेवढंच आहे. कडेचं कापून टाकलेलं काही नाही. मध्ये हिरवट पाण्याचं तळं, काठाने उंच ताडवर्गी झाडं, त्यांच्या मागे हॉटेलांची एक रांग आणि त्या रांगेच्या परसदारापासून थेट वर चढलेले वाळूचे डोंगर. तळ्याची अख्खी चक्कर दहा मिनिटांत झाली, तीही फोटो काढत रेंगाळत. कायम राहणारी माणसं शंभरच्या आसपास. पर्यटक किती ते शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा. पेरूच्या जुन्या पन्नास सोलच्या नोटेच्या पाठीवर हेच तळं छापलेलं आहे. नोटेवर यावं इतकं देखणं ते आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लिमातल्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आकाश सगळा वेळ राखाडी होतं, मी गर्दीत फिरले आणि बरं जेवले. तिथून दक्षिणेला इका शहरापर्यंत तीनशे किलोमीटर, पॅन-अमेरिकन हायवेने बसला पाचेक तास लागतात. उजवीकडे मधूनमधून पॅसिफिक दिसतो आणि समुद्राला खेटून चक्क वाळवंट. किनाऱ्याजवळून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे हवेत धुकं होतं पण पाऊस होत नाही. आणि अॅमेझॉनकडून येणारे ढग पलीकडे अँडीज अडवतो. वर्षाकाठी पडतो तो पाऊस मिलिमीटरमध्येच मोजायचा, तोही एका हाताच्या बोटांवर. तर अशा त्या पिवळ्या-करड्या पसाऱ्यात डुलक्या घेत असताना एकदम डोळ्यांवर हिरवं आलं. मी ताठ बसले. द्राक्षबाग! एक नाही, रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोगणिक. वर पांढरी जाळी, खाली मांडव, ओळीत ड्रिपच्या नळ्या.

आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. घरची द्राक्षबाग आहे, माणिक चमन आणि थोडी थॉमसन या जातींची. त्यामुळे बसमधले बाकीचे बॅकपॅकर झोपा काढत असताना मी खिडकीला नाक लावून ओळींतलं अंतर मोजत होते. उंट, खजूर, झरा असलं काहीतरी मनात धरून निघाले होते, आणि पहिली भेट झाली ती द्राक्षाशी.

इकाच्या बसस्टँडवरून वाकाचिना पाचेक किलोमीटर. मोटोटॅक्सी म्हणजे आपली रिक्षाच, आणि 'आपली' हे शब्दशः, कारण पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत बजाज. पेरूत या रिक्षेला 'तोरितो' म्हणतात, म्हणजे छोटा बैल. मी रिक्षेकडे आणि मग स्वतःकडे बोट दाखवून "इंडिया, इंडिया" म्हटलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि भाडं होतं तेवढंच सांगितलं.

हॉस्टेलचं नाव लिहीत नाही. जाहिरातीत 'वाळवंटातली शांतता' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात मधोमध स्विमिंग पूल, पुलाभोवती बार, आणि बारवरचा स्पीकर दुपारी बाराला जो सुरू झाला तो रात्री दोनलाही थकला नव्हता. बॅकपॅकिंग या प्रकाराबद्दल माझं एक मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय: जग बघायला निघालेली मुलं जगभर एकाच बारमध्ये बसतात. तेच गाणं, तेच ग्लास, तेच "तू कुठून आलीस आणि आता कुठे चाललीस". मी सांगलीकडून आले म्हटल्यावर "ओ, मुंबई!" म्हणून विषय मिटतो. माझ्या खोलीतल्या आठ बंकांपैकी सात जण मध्यरात्रीनंतर परतले आणि प्रत्येकाने दिवा लावला.

संध्याकाळची बग्गी सगळे करतात, मीही केली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात दोन-तीन रांगांत माणसं पट्ट्याने बांधलेली, मागे ट्रकला शोभेल असं इंजिन. ड्रायव्हर वाळूच्या धारेवर चढतो, क्षणभर थांबतो आणि पलीकडे सोडून देतो. सगळे ओरडतात. मी ओरडले नाही, कारण तोंड उघडलं की वाळू आत जाते. मग फळ्या वाटतात, फळीच्या पोटाला मेणबत्ती घासायची, पालथं झोपायचं, कोपर आत घ्यायचे आणि उतारावरून सुटायचं. हे मात्र झकास. दुसऱ्या उतारानंतर मीच रांगेत पुढे घुसले. पण सूर्यास्ताला दहा-पंधरा बग्ग्या एकाच कड्यावर आणून लावतात आणि शे-दीडशे माणसं हात वर करून फोन धरून उभी राहतात, इंजिनं चालूच. एवढ्या वाळवंटात गर्दी करायला एकच जागा सापडते हे मला कोडं आहे. पायाखाली वाळूत अर्ध्या पुरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या. रात्रीत वारा बग्ग्यांच्या चाकोऱ्या पुसून टाकतो, बाटल्या तशाच ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सामान उचलून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंच्या घरी गेले. सत्तरीच्या असतील. मागच्या अंगणाकडे तीन खोल्या, त्यातली एक मला. पूल नाही, बार नाही, वायफाय मनात आलं तर. जेवायला त्यांनी भाताबरोबर पायार केले. हे इकाचं खास कडधान्य. ताटलीत बघितलं आणि हसूच आलं, अहो, डबल बी! आईच्या हातच्या डबल बीच्या उसळीला जो पिठूळपणा असतो तो जसाच्या तसा. फक्त गोडा मसाला कुठे गेला एवढंच. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा बाईंची आणि माझी दोस्ती झाली. त्यांना इंग्रजी नाही, मला स्पॅनिश मोजून वीस शब्द, बाकी सगळं फोनमधल्या भाषांतरावर. त्यांनी मला भिंतीतली भेग दाखवली, 15 ऑगस्ट 2007 च्या भूकंपातली. जलपरीची गोष्ट सांगितली: न्हात असलेल्या मुलीला आरशात मागे उभा पुरुष दिसतो, ती पळते, आरसा पडून त्याचं तळं होतं आणि तिच्या वस्त्राच्या चुण्यांचे वाळूचे डोंगर. ती अजून तळ्यात आहे म्हणे. काठावर पुतळाही आहे तिचा.

पहाटे साडेपाचलाच उजाडतं. तेव्हा वाकाचिना खरोखर बघण्यासारखं असतं, कारण आदल्या रात्रीचे सगळे झोपलेले असतात. मी काठाने चालत होते तर एके ठिकाणी दगडांमागून पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, झरा. वाकून बघितलं तर पाइप. चांगला जाडजूड पाइप, त्यातून धो धो पाणी तळ्यात पडत होतं.

परत येऊन बाईंना विचारलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी पाणी आपोआप खालून यायचं, त्यात क्षार इतके की लोक सांधेदुखीवर उपाय म्हणून लांबून न्हायला यायचे, लिमाचे श्रीमंत लोकही. त्यांनी हाताने दाखवलं, पाणी तेव्हा कुठल्या पायरीपर्यंत असायचं. मग खोऱ्यात विहिरी वाढल्या, उपसा वाढला, जमिनीखालचं पाणी खाली खाली गेलं आणि तळं आटायला लागलं. तळं गेलं तर हॉटेलं गेली, म्हणून गेलं दशकभर बाहेरून पाणी आणून आत सोडतात. म्हणजे ज्याला आपण मरूद्यान म्हणून बघायला येतो ते आता नळावर आहे. बाई भांडी विसळत हे सगळं सांगत होत्या आणि फोनमधली यंत्रबाई ते माझ्या हातात सपाट आवाजात इंग्रजीत म्हणत होती.

विहिरी कुणाच्या, हे मी विचारलंच. एस्पारागो, त्या म्हणाल्या. शतावरीच्या जातीची ती हिरवी कोंबांची भाजी, जी अमेरिकेत आणि युरोपात बाराही महिने मिळावी लागते. आणि? उवा. द्राक्षं.

मी खोलीत जाऊन अण्णांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, अण्णा बागेतच होते, मागे ब्लोअरचा ट्रॅक्टर. मी अंगणातल्या जिन्यावरून फोन फिरवला. "अण्णा, बघा, केवढाले डोंगर वाळूचे."

"व्हय, दिसलं. द्राक्षं कुठं हाईत?"

आदल्या दिवशी मी एका ओळीचा मेसेज टाकला होता, तेवढाच त्यांच्या लक्षात होता. मी म्हटलं, इथून दिसत नाहीत, रस्त्याला आहेत.

"जात कुठली? मांडव का वाय? रानात माती हाय का नुसती वाळू?"

मांडव आहे, इंग्रजी वाय अक्षरासारखे वेलीचे खांब नाहीत, वाळूच दिसते, जात माहीत नाही. "डिसेंबरात घड लागलेत का काढणीला आलेत?" काढणी चालू आहे म्हटल्यावर ते जरा गप्प झाले. आमच्याकडे तेव्हा मण्यांची विरळणी चालली होती. पेरूचा माल आधी बाजारात उतरतो हे निर्यातदाराकडून त्यांनी दर हंगामात ऐकलेलं असतं. डोळ्यांनी बघायची ही पहिली वेळ, तीही मी दाखवली तर. मग मी पावसाचं सांगितलं.

"म्हंजी अजिबात पडत न्हाय?"

"नाही."

"ढग तरी?"

"असतात, पण पडत नाही."

"मग डावणी कशी यील यांच्या बागंवर," अण्णा म्हणाले. डावणी म्हणजे ओल्या हवेत द्राक्षावर येणारी बुरशी. एवढ्या हेव्याने कुणाबद्दल बोललेले मी त्यांना ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात गावाकडे आभाळ भरून होतं आणि ते एक दिवसाआड फवारत होते. "पाणी किती फुटावर?"

हे मला सांगता येईना. मी पाइपाचं आणि तळ्याचं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "आता लावलाच हाईस फोन तर उद्या बाग बघून ये की. वाळू काय, कुटंबी घावती."

म्हणून तिसऱ्या प्रहरी वाळूच्या डोंगरावरून पुन्हा सूर्यास्त बघायच्या वेळेला मी तोरितोत बसून द्राक्षबागा शोधत फिरत होते. ड्रायव्हरला आधी वाटलं मला पिस्कोच्या दारूभट्टीवर जायचंय, कारण पर्यटक तिथेच जातात. द्राक्षापासून काढलेली ती दारू आणि पाच-सहा छोटे ग्लास चाखायला. शेत म्हटल्यावर त्याने दोनदा खात्री करून घेतली. मोठ्या कंपन्यांच्या बागांना भिंती, फाटक, पहारेकरी. एका फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही, पण कुंपणाच्या कडेने चालू दिलं. लाल, बोराएवढ्या मण्यांचे घड मांडवाला लटकत होते. मी व्हिडिओ घेतला: खोड, ड्रिपची नळी, नळीखालचं वाळूतलं ओल्याचं वर्तुळ, त्या वर्तुळाबाहेर ठणठणीत कोरडं.

ड्रायव्हरचा भाऊ अशाच एका बागेत काढणीला जायचा. त्याच्याकडून कळलं ते असं. इकाची नदी वर्षातले थोडेच महिने वाहते. वर अँडीजमध्ये वांकावेलिका भागात चोक्लोकोचा नावाचं सरोवर आहे, त्याचं पाणी कालव्याने डोंगर ओलांडून इकडे आणतात, आणि तिथले मेंढपाळ त्यावरून चिडून आहेत. खाली नव्या विहिरींना सरकारने बंदी घातली त्याला बरीच वर्षं झाली. ज्याच्याकडे पैसा आहे तो असलेलीच विहीर अजून खोल नेतो. ज्याचं चार बिघ्यांचं रान आहे त्याची विहीर कोरडी पडते आणि तो मोठ्याच्या बागेत मजुरीला जातो. भाऊ तसाच गेला होता. हे सांगताना तो चिडलेला नव्हता. मीच चिडले होते, आणि कुणावर ते मला ठरवता येत नव्हतं, कारण आमच्या रानात तीन बोअर आहेत. पहिले दोन कोरडे. 2003 च्या दुष्काळात अण्णांनी टँकरच्या पाण्यावर बाग जगवली होती, सोनं गहाण टाकून. म्हैसाळचं पाणी नंतर आलं, कृष्णेतून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवलेलं. ते आलं तेव्हा गावाने पेढे वाटले होते. कृष्णाकाठचं कुणी त्या दिवशी काय म्हणत होतं, आम्ही विचारलं नव्हतं.

नाझ्काला गेले, तिथल्या रेषा, म्हणजे वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्राचीन, प्रचंड आकृत्या, रस्त्यालगतच्या मनोऱ्यावरून बघितल्या, विमानाचे पैसे वाचवले. तिथे भयंकर ऊन होतं.

वाकाचिनाला जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, कानात घालायला बोळे न्या, आणि पहाटे उठा असं मी सांगणार होते. पण पहाटे उठलात तर पाइप दिसेल, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा. बाईंचं घर कुठे ते सांगत नाही. तीनच खोल्या आहेत.

लिमाला परतताना बसमध्ये फोनला रेंज आली आणि एकामागून एक मेसेज कोसळले. अण्णांनी माझा व्हिडिओ बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला होता, 'मुलगी पेरू देशात' अशा ओळीसह. तळ्याचा आणि वाळूच्या डोंगरांचा फोटोही टाकला होता, त्याला एका चुलत्याचा अंगठा होता. व्हिडिओखाली मात्र प्रश्नांची रांग. दोन खोडांत अंतर किती. जाळी कशासाठी, पाखरांसाठी का उन्हासाठी. मजुरी काय. मण्याला फुगवण कशाने आणली असेल. एका काकांनी व्हिडिओ थांबवून ड्रिपच्या नळीवर लाल गोल काढून पाठवला होता आणि खाली विचारलं होतं: ताई, हा ड्रिपर ताशी किती लिटरचा?

लिमा येईपर्यंत मी टाइप करत होते.