इंजिनची घोडी आणि १६ एमएमची प्लेट

घोडी म्हणजे इंजिन टांगून हवं तसं फिरवायचा स्टँड. तिचं बाकी लोखंड दीड दिवसात उभं राहिलं. इंजिन जिच्यावर बोल्टानं बसतं, त्या एका प्लेटीनं २१ दिवस खाल्ले, आणि तेही कधी, तर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या तोंडावर. उसाच्या गाडीचा मालक रोज सकाळी फोन करायचा, "भाऊ, इंजिन कुठवर आलं?" कुठवर यायचं? दोन जुन्या टायरांवर आडवं पडलं होतं.

जालन्यात अंबड चौफुलीकडं माझं गॅरेज आहे. आजवर सहा सिलिंडरचं काम आम्ही टायरांवरच ओढलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, उलटा करायचा तर चेन कप्पी, दोन पहारी आणि चार माणसं. यंदा उस्तादांच्या बोटांवर येता येता ब्लॉक थोडक्यात हुकला, तेव्हा ठरवलं, घोडी करायचीच.

तयार घोड्या बघितल्या. कारची ४५० किलोवाली तर सोडाच. ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन पंप-मॅनिफोल्डसकट अर्धा टन धरून चाला. ९०० किलो लिहिलेली घोडीसुद्धा मला पटली नाही. लांब इंजिनाचं वजन प्लेटीपासून अर्धा मीटर पुढं लोंबतं. ५०० किलो अर्ध्या मीटरवर म्हणजे २५० किलो एका मीटरवर टांगल्यासारखं झालं. त्यात पुढं एकच चाक असलेली घोडी ढकलताना कडेला कलंडते. म्हणून १०० एमएमच्या सी-चॅनेलचा पाया केला, पुढचे पाय इंजिनाच्या नाकाच्याही पुढं काढले, चारही कोपऱ्यांना चाकं लावली. झालं.

आता प्लेट. फ्लायव्हील हाउसिंग, म्हणजे मागच्या जड चाकाचं कव्हर, काढल्यावर ब्लॉकच्या मागच्या तोंडावर जी भोकं दिसतात, त्यांवर ही बसते. भोकं सारख्या अंतरावर नसतात, हीच गोम. मी पुठ्ठा लावून, हातोडीनं ठोकून ठसे घेतले, गॅस्केट कापतो तसे. मिस्त्रीनं गॅसनं भोकं पाडली. दोन बसली, बाकीची दोन-तीन एमएम इकडंतिकडं. "वाढवून देतो की, वायसर लावा," म्हणाला. भोकं लांबट केली की सगळा भार एक-दोन बोल्टांवर येतो. अर्धा टन लोंबकळत असताना मी वायसरवर विसंबणार नव्हतो.

मग लेझर कटिंग. छत्रपती संभाजीनगर इथून साठेक किलोमीटर, वाळूज त्याच्याही पलीकडं. पुठ्ठा घेऊन गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी त्याला हातही लावला नाही. "डीएक्सएफ फाइल आणा." म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रॉइंग. परत आलो. शेजारच्या पॉलिटेक्निकच्या पोरानं एका संध्याकाळी काढून दिली. पाठवली. तिसऱ्या दिवशी फोन केला, "नंबरात आहे." पाचव्या दिवशी तेच. आठव्या दिवशी कळलं, "फाइल चुकलीय." काय चुकलं? "साइज बघा." एवढंच, आणि फोन ठेवला.

चूक काय होती? आम्ही ४५० एमएमची प्लेट काढली होती, त्यांच्या कॉम्प्युटरनं ४५० इंच वाचली. म्हणजे साडेअकरा मीटरची प्लेट! एवढं इंजिन जालन्यात कुणाकडं असतं हा प्रश्न आठ दिवसांत एकालाही पडला नाही? दुरुस्ती दहा मिनिटांची. पण दुरुस्त फाइल म्हणजे नवी फाइल, आणि नवी फाइल रांगेच्या शेपटाला. मग जीएसटी नंबर मागितला. मग १६ एमएमची शीटच आली नाही. माझं गाव सळईचं, रोज ट्रक भरून लोखंड इथून बाहेर जातं, आणि मी दीड फुटी चौकोनासाठी वाळूजला फोन लावत बसलोय.

तर फाइल पाठवताना मेसेजमध्ये "सगळी मापं मिलिमीटरमध्ये, प्लेट ४५० बाय ४५०" असं लिहाच. आणि त्याआधी ती फाइल कागदावर खऱ्या मापात छापून ब्लॉकवर ठेवून बघा. मी नाही बघितली.

एकविसाव्या दिवशी प्लेट आली. लावली तर भोकं उलटी! डावीकडचं उजवीकडं. मी तिथूनच फोन लावला आणि दहा मिनिटं जे तोंडाला येईल ते बोललो. पलीकडचा माणूस गप्प. आमच्या हाताखालचं पोरगं प्लेटीकडं बघत उभं होतं. म्हणालं, "भैया, पलटी करा ना." पलटी केली. सगळी भोकं बसली. त्या दुकानाला मी परत फोन केलेला नाही. करायला हवा होता, हे बायकोनंही सांगून झालं.

एक राहिलं. प्लेटीला मधून मोठं भोक ठेवा आणि प्लेट तिच्या मागच्या फिरवायच्या पाइपापासून चार खुंटांवर लांब धरा, नाहीतर मागचं ऑइल सील घोडीवर बसवता येत नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, घ्या, पण लांबी मोजून. लांब बोल्ट तळाला टेकतो आणि आवळला गेलाय असं उगाच वाटतं. फिरवायला भंगारातून वर्म गिअरबॉक्स मिळाला, हँडल ६० वेळा फिरवलं की इंजिन एकदा फिरतं, आणि हात सोडला तरी जागच्या जागी थांबतं. तरी आडवी पिन घालतोच. फिरवायच्या पाइपाचं केंद्र क्रँकपेक्षा थोडं वर ठेवा, हेडसकट इंजिन वरून जड असतं. आणि बिडाची चाकं घेऊ नका, माझ्या दोन शहाबादी फरश्या पहिल्याच दिवशी तडकल्या.

उस्तादांनी परवा एकट्यानं क्रँक बसवला. प्लेटीच्या मधून निघालेली गोल चकती मी दुकानातून मागून आणली होती, पावणेपाच किलोची. पैसे तिचेही घेतले होते त्यांनी. आता ती इंजिनावरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून असते.