मूळ देश

सकाळी बेलापूरच्या ऑफिसात पोचलो तेव्हा शेठचे, म्हणजे ज्यांचा माल आम्ही कस्टम्समधून सोडवून देतो त्या इम्पोर्टरचे, चार मिस्ड कॉल पडले होते. चट्टग्रामहून आलेला त्यांचा सुती शर्टांचा कंटेनर न्हावा शेव्याला सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, अडकला होता. कस्टम्सची क्वेरी होती: शर्ट बांगलादेशातच तयार झाले कशावरून? सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे मूळ देशाचा दाखला, आम्ही जोडलं होतं, पण 2020 पासून तेवढ्यावर भागत नाही. माल तिथला कसा ठरतो, याची माहिती इम्पोर्टरजवळही लागते. ती पटली नाही तर साफ्ताची, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराची, सवलत जाते, आणि सवलतीत जिथे बेसिक कस्टम ड्युटी शून्य असते तिथे ती पूर्ण भरावी लागते.

ढाक्याला मेल टाकला आणि वाट बघत बसलो. नव्याने लागलेल्या मुलीने विचारलं, "दादा, साफ्ता रोज टाइप करते मी, पण हे सुरू केलं कोणी?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची वळवून सांगायला बसलो. बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांनी 1980 मध्ये शेजाऱ्यांपुढे एकत्र येऊन सहकार्य करण्याचा प्रस्ताव ठेवला. भारताला शंका, की लहान देश मिळून आपल्याविरुद्ध फळी धरतील. पाकिस्तानला उलटी शंका, की भारतच बाकीच्यांना आपल्याविरुद्ध जमवेल. 1981 मध्ये झियाउर यांची हत्या झाली. 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यातच सात देशांनी सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या, सनदेवर सह्या केल्या, ते पाहायला झियाउर नव्हते. लोकांचं जीवनमान सुधारावं, हा सनदेतला पहिला हेतू. निर्णय एकमताने घ्यायचे आणि दोन देशांमधली भांडणं तिथे काढायची नाहीत. या अटीला लोक नावं ठेवतात. मला वाटतं, तिच्याशिवाय सात जण एकत्र बसलेच नसते. याच सार्क देशांचा साफ्ता करार 2004 मध्ये इस्लामाबादला झाला, 2006 पासून लागू झाला. आणि 2014 च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच भरलेली नाही, हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं.

अडीचला मेल आला. खर्चाचा तक्ता, सुताची बिलं. मालाच्या किमतीत बांगलादेशात पडलेली भर किमान 30 टक्के हवी, ती बरीच वर होती. मग सुताचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीवर माल चढवल्याची पावती, उघडलं. माल चढवल्याचं बंदर: न्हावा शेवा.

2025 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशने आपलं, भारतातलं सूत जमिनीवरून घेणं बंद केलं. मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरची वाट बंद केली. त्या कपड्यांना न्हावा शेवा आणि कोलकाता एवढीच बंदरं उरली. म्हणून हे सूत इथूनच बोटीने गेलं, शर्ट होऊन इथेच परत आलं.

कागद अपलोड केले. सहाच्या सुमारास आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टम्सची परवानगी, मिळालं, शेठना कळवलं. त्या मुलीने दोन्ही बिल ऑफ लेडिंग एकाच फाइलला लावली, सुताचं खाली, शर्टांचं वर.