शटडाऊनचे ९० सेकंद : ऐरोलीतल्या डेस्कटॉपची आत्तापर्यंतची प्रगती

मंडळी, माझा पीसी शटडाऊनला फार वेळ घ्यायचा, ते दुरुस्त करण्याचं काम बरंच पुढे सरकलंय म्हणून सविस्तर लिहितो. मशीन जुना डेस्कटॉप, डेबियन लिनक्स आणि केडीई डेस्कटॉप, त्यावर फोटोंचा बॅकअप आणि थोडे डॉकर कंटेनर (वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्राम), शिवाय नासचा, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजचा, फोल्डर वायफायवरून माउंट केलेला, म्हणजे पीसीला जोडलेला. बंद करायला घेतला की दीड मिनिट नुसता थांबून राहायचा. एरवी चाललंही असतं, पण पावसाळ्यात ऐरोलीत लाईट गेली की माझा छोटा यूपीएस काही मिनिटंच धरतो, आणि त्यातली दीड मिनिटं अशी गेली तर डिस्कचं खरं नाही.

आधी हे बघा की थांबण्याची वेळ साधारण ९० सेकंदच आहे का. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, प्रत्येक सर्व्हिसला आधी सिगटर्म हा सिग्नल पाठवतं, म्हणजे आवरून घे, आणि मुदतीत आवरलं नाही तर सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद. ती मुदत मूळची ९० सेकंद, फेडोराने आवृत्ती ३८ मध्ये ती ४५ वर आणली. म्हणजे दर वेळी तेवढाच वेळ जात असेल तर मशीन स्लो नाहीये, कोणीतरी उत्तरच देत नाहीये. सगळीकडे सल्ला मिळतो की मुदत १० सेकंद करून टाका. मला हे अजिबात पटत नाही, कारण मग डेटाबेसला खरंच लिहायला वेळ हवा असेल तेव्हा त्याच्याही मानेवर तीच सुरी, आणि अडकलेला प्रोसेस अडकलेलाच राहतो.

नाव शोधणं सोपं आहे. शटडाऊनला लोगो दिसत असताना एस्केप दाबा, "स्टॉप जॉब" वाली ओळ दिसते त्यात कोण अडलंय ते असतं. नंतर जर्नलसीटीएल या कमांडने मागच्या बूटचा लॉग (नोंदी) काढून शेवटचा भाग वाचा. सिस्टमडी-अॅनालाइझ या कमांडचं ब्लेम इथे कामाचं नाही, ते फक्त बूटचा हिशोब देतं.

माझ्याकडे अडत होता तो नासचा माउंट. आता सिस्टमडीचा नियम असा की सुरू होताना जो क्रम, बंद होताना बरोबर उलटा, त्यामुळे नेटवर्कच्या नंतर आलेला माउंट नेटवर्क जायच्या आधी सुटायला पाहिजे. माउंटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये क्रम बरोबर होता तरी लॉगमध्ये वायफाय आधी तुटलेलं दिसत होतं, आणि मला इथेच सगळ्यात जास्त मजा आली! कारण निघालं नेटवर्कमॅनेजरमध्ये, म्हणजे वायफाय कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये. वायफाय कनेक्शन फक्त माझ्या युजरच्या नावावर सेव्ह होतं आणि असं कनेक्शन त्या युजरचं सेशन असेपर्यंतच चालतं, शटडाऊनला सेशन आधी बंद होतं, वायफाय गेलं, मग माउंट बिचारा नासच्या उत्तराची वाट बघत बसला. सेटिंगमध्ये कनेक्शन सगळ्या युजर्ससाठी खुलं केलं, पासवर्डही सगळ्यांसाठी सेव्ह केला (तो मग ईटीसीखालच्या फाइलमध्ये साध्या टेक्स्टमध्ये राहतो, फक्त रूटला, म्हणजे मुख्य अॅडमिनला, वाचता येतो, हे लक्षात असू द्या). ९० सेकंदांचं थांबणं गेलं.

मग डॉकर. एक कंटेनर हाताने स्टॉप केला तरी प्रत्येक वेळी १० सेकंद घ्यायचा, आणि डॉकर स्टॉपची डिफॉल्ट मुदतही तेवढीच. आत पहिला प्रोसेस शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) होता, त्याने सिगटर्म पुढे खऱ्या प्रोग्रामला दिलाच नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक्झेक लावलं की शेलच्या जागी प्रोग्राम स्वतःच पहिला प्रोसेस होतो. पण मग त्याला सिगटर्म स्वतः हाताळता आला पाहिजे, नाहीतर कर्नल पहिल्या प्रोसेसपर्यंत तो पोचवतच नाही. ज्या प्रोग्रामना हे जमत नाही त्यांच्यासाठी डॉकरचा इनिट पर्याय आहे, तो सिग्नल पुढे देणारा छोटा पहिला प्रोसेस लावतो.

आता जो वेळ लागतो तो डिस्कवर लिहिण्याचा. मोठी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून लगेच शटडाऊन दिलंत तर थांबावंच लागेल, प्रोक फोल्डरमधल्या मेमइन्फो फाइलमध्ये डर्टीचा आकडा बघा, तेवढं अजून लिहायचं बाकी असतं. ती वाट मी कमी करणार नाही.

पुढचं काम म्हणजे नट (नेटवर्क यूपीएस टूल्स) हे सॉफ्टवेअर लावणं, म्हणजे यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की पीसी आपणहून बंद होईल. माझ्या यूपीएसला यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे नवीन घ्यायचाय. ठाणे-नवी मुंबईत कोणी नटबरोबर नीट चालणारा वापरत असेल तर मॉडेल आणि दुकान दोन्ही सांगा.